निवाडा आणि आशा : इब्री संदेष्टे व सेगाव-यरुशलेम यांमधील अपुरा संवाद

१. विषयाचे स्वरूप

इ. स. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात वर्धा जिल्ह्यातील सेगाव या खेड्यात महात्मा गांधींनी यहुदी लोकांविषयी एक लेख लिहिला. लेखावर २० नोव्हेंबर ही तारीख आहे. २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन' पत्रात तो प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९३९ रोजी, यरुशलेम येथील हिब्रू विद्यापीठातील समाजतत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मार्टिन बूबर यांनी गांधीजींना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. दोन दिवसांनी त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष ज्यूडा मॅग्नेस यांनी दुसरे पत्र लिहिले. ही दोन्ही पत्रे त्याच वर्षी यरुशलेममध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली. त्यांस गांधीजींनी दिलेले उत्तर उपलब्ध नाही.

या प्रकरणाची चर्चा बहुधा राजकारणाच्या अंगाने होत आली आहे. पॅलेस्टाईन कोणाचे, जर्मनीत सत्याग्रह शक्य होता काय, हे प्रश्न तीत मुख्य असतात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न आहे. एखाद्या लोकसमूहावर अरिष्ट कोसळले असता ईश्वराच्या नावाने काय बोलावे? हा पापाचा निवाडा आहे असे म्हणावे, की पुढे उजाडेल अशी आशा द्यावी? आणि जे बोलावयाचे ते कोणाला व केव्हा? इसवी सनापूर्वी आठव्या ते पाचव्या शतकात होऊन गेलेल्या इब्री संदेष्ट्यांनी या प्रश्नाशी जितकी दीर्घ झुंज घेतली तितकी प्राचीन जगात क्वचितच कोणी घेतली असेल. त्यांच्या विचारातून जे निकष हाती लागतात ते सेगाव-यरुशलेम प्रकरणास लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. संदेष्ट्यांची भूमिका

'नाबी' या इब्री शब्दासाठी मराठी बायबलात 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला आहे. भविष्य वर्तविणारा ज्योतिषी असा त्याचा अर्थ नव्हे. ईश्वराचा निरोप घेऊन तो राजाला, पुरोहिताला आणि लोकांना तोंडावर सांगणारा तो नाबी. त्याच्या बोलण्यात 'मिश्पात' हा शब्द वारंवार येतो. या एका शब्दात निवाडा आणि न्याय हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. मराठीतील 'न्यायनिवाडा' हा जोडशब्द त्याच्या पुष्कळ जवळ जातो. निवाडा म्हणजे केवळ शिक्षा नव्हे, तर मोडलेला न्याय पुन्हा उभा करणे, ही कल्पना त्या शब्दातच आहे.

या परंपरेतील ज्यांची वचने स्वतंत्र ग्रंथरूपाने उरली आहेत त्यांत आमोस हा अत्यंत प्राचीन होय. इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या मध्यास, दुसरा यराबाम उत्तरेकडील इस्राएलच्या गादीवर असताना, तकोवा गावचा हा मेंढपाळ व उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलू लागला. राज्य तेव्हा भरभराटीत होते. आमोसाने त्या भरभराटीचा हिशोब मागितला. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणारे सावकार, खोटी मापे वापरणारे व्यापारी, वेशीवरच्या न्यायसभेत लाच खाणारे पंच, हे त्याच्या आरोपपत्रातील आरोपी. शेजारच्या राष्ट्रांच्या अपराधांची यादी त्याने आधी वाचली; ऐकणारे सुखावले असतील तोच त्याने बोट स्वतःच्या लोकांकडे वळविले. ईश्वराने तुम्हांला निवडले आहे, म्हणूनच तुमचा जाब अधिक कडक, असा त्याचा युक्तिवाद आहे. पुरोहित अमस्याने त्याला देशाबाहेर जाण्यास सांगितले. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन घेतले आणि ते राज्य बुडाले.

यशया, मीखा, यिर्मया यांनी हीच दिशा दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यात पुढे नेली. परंतु त्यांचे निवाडे अटळ दैववाणीसारखे नाहीत. 'शूव', म्हणजे परत फिरणे, हे क्रियापद त्यांच्या ग्रंथांतून पुन्हा पुन्हा येते. लोक मागे फिरले तर अरिष्टही मागे फिरेल. अरिष्टाची वार्ता आधी सांगावयाची ती त्यासाठीच. निवाडा सशर्त असतो, आणि त्या शर्तीतच आशेला जागा असते.

योनाच्या छोट्या ग्रंथात हे तत्त्व टोकाला नेलेले आहे. इस्राएलचा नाश करणाऱ्या अश्शूरांचे नगर निनवे. तेथे जाऊन निवाडा सांगण्याची आज्ञा योनाला होते आणि तो उलट दिशेने पळतो. अखेर तो निरोप सांगतो, राजापासून रंकापर्यंत सर्व उपवास करतात, नगर वाचते, आणि शत्रू वाचला म्हणून संदेष्टाच रुसून बसतो. एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि त्यांची गुरेढोरे यांची कीव मी करू नये काय, या अर्थाच्या ईश्वराच्या प्रश्नावर ग्रंथ संपतो. योनाचे उत्तर ग्रंथात नाही.

३. आघातापूर्वी आणि आघातानंतर

संदेष्ट्यांच्या वाणीत निवाडा व आशा या दोहोंचा क्रम मात्र सैल नाही. यहेज्केलाच्या ग्रंथावरून ही गोष्ट सर्वांत स्पष्ट होते. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या पहिल्या हद्दपारीत तो नेला गेला. यरुशलेम अद्याप उभे होते. तेव्हा त्याची वाणी कठोर आहे. नगर पडल्याची बातमी घेऊन एक पळून आलेला माणूस पोचतो, आणि त्यानंतर ग्रंथाचा सूरच पालटतो. जे उरले आहेत त्यांना त्यांचे पाप पुन्हा पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. वाळलेल्या हाडांत श्वास भरल्याचे प्रसिद्ध दर्शन या उत्तरार्धातील आहे. वाडवडिलांच्या अपराधांसाठी मुलांना शिक्षा होते या रूढ समजुतीचाही यहेज्केलाने निषेध केला. आंबट द्राक्षांची म्हण लोकांत चालू होती. ती यापुढे चालू देऊ नये, प्रत्येकाचा निवाडा त्याच्या त्याच्या आचरणावरून, असे तो सांगतो.

यिर्मयाच्या चरित्रात आशेचे स्वरूप आणखी उघड होते. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला होता आणि राजाने यिर्मयाला पहाऱ्याच्या अंगणात कोंडले होते. अशा वेळी त्याने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. खरेदीखताची एक मोहरबंद व एक उघडी प्रत तयार झाली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि बारूखाने ती कागदपत्रे मातीच्या मडक्यात ठेवली. ज्या जमिनीवर शत्रूची छावणी आहे ती विकत घेणारा माणूस व्यवहारात वेडा ठरेल; परंतु या देशात पुन्हा शेते घेतली जातील, हे त्याला सांगावयाचे होते. हद्दपार झालेल्यांनाही त्याने लिहिले ते असेच : घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेऊन टाकले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. संदेष्ट्यांची आशा म्हणजे मनाची समजूत नव्हे. तिच्यामागे एखादी प्रत्यक्ष कृती असते.

बाबेलमधील हद्दपारीच्या अखेरीस, इ. स. पूर्व ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल जिंकण्याच्या सुमारास, यशयाच्या ग्रंथाचा चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग रचला गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा आरंभच सांत्वनाने होतो. याच भागात 'दुःख सोसणाऱ्या सेवका'चे काव्य आहे. इतरांच्या अपराधांसाठी यातना भोगणारा, तोंड न उघडणारा हा सेवक कोण, यावर दोन हजार वर्षे वाद चालू आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घेतली पाहिजे. त्या काव्यात बोलणारे लोक म्हणजे ज्यांनी त्या सेवकाला तुच्छ मानले तेच होत. आपली चूक त्यांना मागाहून उमगली आहे. तू असे सोस, असा उपदेश सेवकाला कोणी करीत नाही.

या विवेचनातून तीन निकष निघतात. पहिला, निवाडा प्रथम स्वतःच्या घराला आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना सांगावयाचा. दुसरा, तो आघातापूर्वी सांगावयाचा, म्हणजे ऐकणाऱ्याला मागे फिरता येईल. तिसरा, आघात झाल्यावर पिचलेल्यांना आशा द्यावयाची आणि त्या आशेला कृतीचा आधार द्यावयाचा.

४. मराठी भूमीवरील एक परंपरा

हा क्रम केवळ ग्रंथांत राहिला नाही. तो यहुदी पंचांगात उतरला. यरुशलेमच्या मंदिराचा नाश अव महिन्याच्या नवव्या दिवशी पाळला जातो. त्याआधीच्या तीन शब्बाथांना निवाड्याचे पाठ वाचतात आणि नंतरच्या सात शब्बाथांना यशयाच्या उत्तर भागातील सांत्वनाचे. तीन आठवडे ताडन, सात आठवडे सांत्वन, असा तो हिशोब आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी योनाचा ग्रंथ वाचतात.

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, बेने इस्राएल समाजाने या दिवसांना अस्सल मराठी नावे दिली होती. मंदिरनाशाचा उपवास तो 'बिरड्याचा रोजा', आणि प्रायश्चित्ताचा दिवस तो 'दारफाळणीचा सण'. दारे लावून घेऊन उपवास करण्याच्या चालीवरून हे नाव पडले. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' येई, आणि त्या दिवशी दानधर्म होई. एलिया हन्नाबी या संदेष्ट्यावर या समाजाची विशेष भक्ती. अलिबागजवळच्या खंडाळे येथे त्याच्या रथाच्या खुणा दाखवितात, आणि त्याच्या नावाने पोहे, खोबरे व साखर यांचा मलिदा करतात. संदेष्ट्यांच्या ग्रंथसंग्रहातील अखेरचा ग्रंथ मलाखीचा. त्या भयंकर निवाड्याच्या दिवसापूर्वी एलिया परत येईल आणि बापलेकांची मने एकमेकांकडे वळवील या आश्वासनाने तो संपतो. निवाड्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली आशा हेच एलियाचे रूप आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन यांचे इब्री व्याकरण मराठीत निघाले (१८३२), आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. संदेष्ट्यांचा विचार मराठी भाषेला परका राहिला नव्हता.

५. वर्धा : १९३३ ते १९३८

नागपूरहून दक्षिणेस जाणारा हमरस्ता जाम या गावी फुटतो. एक फाटा हिंगणघाटावरून हैदराबादकडे आणि दुसरा चंद्रपूरकडे जातो. सेगाव याच जिल्ह्यातले, परंतु अशा वाहत्या रस्त्यापासून बाजूला, वर्ध्यापासून सुमारे पाच मैलांवर. जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतील या खेड्यात दलित वस्ती मोठी होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे राहावयास आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

वर्ध्याचा अस्पृश्यतेच्या प्रश्नाशी संबंध त्याआधीचा आहे. बजाजांच्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले झाले. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींचा देशव्यापी हरिजन दौरा वर्ध्याहूनच निघाला. त्या दौऱ्यात असतानाच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप होऊन हजारो माणसे मेली. २४ जानेवारीस तिरुनेलवेली येथे बोलताना गांधीजींनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय असे सांगितले.

रवींद्रनाथ ठाकुरांनी यावर तीव्र हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती १६ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्ये आपल्या उत्तरासह छापली. निसर्गाच्या घडामोडींचा नैतिक अपराधांशी असा थेट संबंध जोडणे विवेकाला धरून नाही, आणि हे हत्यार उद्या प्रतिपक्षही तितक्याच सहजतेने उचलील, असा रवींद्रनाथांचा आशय होता. जड आणि चैतन्य यांचा संबंध अतूट आहे, तो सिद्ध करता येत नसला तरी ही श्रद्धा माणसाला नम्र करते व आत्मशुद्धीकडे नेते, असे गांधीजींचे उत्तर होते.

वरील निकष येथे लावता येतात. गांधीजींनी बोट परक्याकडे दाखविले नाही. स्वतःच्या धर्मबांधवांकडे, त्यांतही सवर्णांकडे दाखविले. या अर्थी त्यांची वाणी आमोसाच्या जातीची आहे. परंतु ती आघातानंतरची वाणी होती, आणि आघात झाला तो सवर्णांवर निवडून झाला नव्हता. ढिगाऱ्याखाली दबलेल्यांत अस्पृश्यही होते, तान्ही मुलेही होती. आंबट द्राक्षांच्या म्हणीला यहेज्केलाने घेतलेला आक्षेप येथे जसाच्या तसा लागू पडतो. रवींद्रनाथांचा युक्तिवाद विवेकवाद्याचा होता. तथापि संदेष्ट्यांच्या परंपरेतूनही त्याच निष्कर्षाला पोचता येते.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न उभा केला होता. नोव्हेंबर १९३२ मध्ये अमृतलाल ठक्कर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की, नव्या अस्पृश्यतानिवारक संस्थेने व्यक्तिगत सुधारणेपेक्षा विहिरी, शाळा, चावड्या येथील नागरी हक्कांची मोहीम हाती घ्यावी. पीडितांची आशा पीडकाच्या हृदयपरिवर्तनावर टांगून ठेवता येणार नाही, असा या भूमिकेचा मथितार्थ आहे. यरुशलेमहून पुढे आलेल्या आक्षेपाशी त्याचे साम्य लक्षणीय आहे.

६. सेगावचा लेख

जर्मनीत ९ व १० नोव्हेंबर १९३८ रोजी सभास्थाने जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारो यहुदी पुरुष छळछावण्यांत नेले गेले. दहा दिवसांनी गांधीजींनी लेख लिहिला. यहुद्यांविषयीची त्यांची सहानुभूती औपचारिक नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील त्यांचे निकटचे सहकारी हर्मन कॅलनबाख हे यहुदी होते. जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मसाठी १९१० मध्ये जमीन दिली ती त्यांनीच. लेखात गांधीजी यहुद्यांना ख्रिस्ती जगातील अस्पृश्य म्हणतात आणि हिंदूंनी अस्पृश्यांना दिलेल्या वागणुकीशी त्या छळाची तुलना करतात. दोन्हींकडे धर्माचा आधार पुढे केला गेला, हेही नोंदवितात. परक्याच्या पापाविषयी बोलतानासुद्धा स्वतःच्या घराचा अपराध त्यांनी झाकला नाही.

पुढे दोन मुद्दे येतात. पॅलेस्टाईन अरबांचे आहे. बायबलातील भूमी अंतःकरणात आहे. इंग्रजांच्या बंदुकीच्या छायेत तेथे शिरणे अयोग्य, जावयाचे तर अरबांच्या सद्भावनेने जावे, हा पहिला. दुसरा जर्मनीतील यहुद्यांस सल्ला : त्यांनी देश न सोडता सत्याग्रह करावा. यहुद्यांचा ईश्वर त्यांना इतका जवळचा आहे की त्यांनी निराधार वाटून घेऊ नये. स्वेच्छेने पत्करलेले दुःख आंतरिक बळ देईल, आणि तशी मनाची तयारी असेल तर कत्तलीचा दिवसही मुक्तीच्या आनंदाचा ठरेल, असा त्यांचा आशय होता.

या सल्ल्यात दुःख सोसणाऱ्या सेवकाची छाया स्पष्ट दिसते, गांधीजींच्या मनात ते काव्य त्या क्षणी असो वा नसो. सल्ला देणारा स्वतः तुरुंग व उपवास यांतून गेलेला होता, आणि जो मार्ग तो इतरांस सांगत होता तोच स्वतःसाठी त्याने स्वीकारला होता. म्हणून त्यास निष्ठुर म्हणता येत नाही. तथापि आघात चालू असताना पीडितांना दिलेली ही आशा त्यांच्याकडूनच सर्वस्व मागणारी होती.

१९३९ च्या आरंभी कॅलनबाख पुन्हा भारतात गांधीजींजवळ होते. एका यहुदी मित्राविषयी गांधीजींनी त्या दिवसांत 'हरिजन'मध्ये लिहिले आहे. अहिंसा त्याला बुद्धीने पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे त्याला जमत नाही, आणि त्याच्या संतापाबद्दल आपण त्याच्याशी भांडत नाही, असा त्या लिहिण्याचा आशय. हा मित्र म्हणजे कॅलनबाखच असे सामान्यतः मानले जाते. उपदेश आणि सांत्वन यांमधील अंतर गांधीजींना जवळच्या माणसाच्या बाबतीत नीट जाणवले होते, असे यावरून दिसते.

७. यरुशलेमचे उत्तर

मार्टिन बूबर (१८७८-१९६५) यांनी फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांच्यासह १९२५ मध्ये इब्री बायबलाचे नवे जर्मन भाषांतर हाती घेतले होते. १९२९ मध्ये रोझेनत्स्वाइग वारले. बूबरांनी ते काम एकट्याने पुढे नेले आणि १९६१ मध्ये पुरे केले. मार्च १९३८ मध्ये ते जर्मनी सोडून यरुशलेमला आले. १९३० मध्ये त्यांनी गांधीजींवर आदराने लिहिले होते. संदेष्ट्यांच्या धर्मविचारावरील त्यांचा इब्री ग्रंथ १९४२ मध्ये निघाला; नाबी हा अटळ भविष्य सांगत नसून लोकांपुढे निवड ठेवतो, हे त्याचे मुख्य सूत्र. असा माणूस सेगावला पत्र लिहीत होता.

पत्रात बूबर प्रथम तुलनेचाच प्रश्न घेतात. दक्षिण आफ्रिकेतील दीड लाख हिंदी लोकांमागे वीस कोटींहून अधिक लोकांची मातृभूमी होती; जर्मनीतील यहुद्यांमागे तसे काय आहे? तेथे हिंदी लोकांचे धर्मग्रंथ व मंदिरे जाळली गेली होती काय? जेथे कोणी पाहणारा नाही, जेथे माणूस नावनिशीशिवाय नाहीसा केला जातो, तेथे साक्ष कोणापुढे द्यावयाची? हुतात्म्य ही मोठी गोष्ट असली तरी ते दुसऱ्याकडून मागण्याचा अधिकार कोणाला आहे? सेवकाच्या काव्याविषयी वर केलेले निरीक्षण या प्रश्नाशी येऊन मिळते.

भूमीच्या प्रश्नावर बूबरांचा युक्तिवाद संदेष्ट्यांच्या मार्गानेच जातो. न्यायाची आज्ञा अंतःकरणात ठेवून भागत नाही; शेत, मजुरी, विश्रांतीचे वर्ष, कर्जमाफी अशा व्यवहारांत ती पाळावयाची असते, आणि त्यासाठी समूहाला स्वतःचे सामायिक जीवन रचता येईल अशी भूमी लागते. परंतु भूमी अखेर कोणाचीच नाही. ती ईश्वराची आहे, आणि माणसाला ती सोपविलेली असते. अरबांचा हक्क बूबर नाकारीत नाहीत. दोन्ही हक्क खरे आहेत आणि त्यांतून एकत्र राहण्याचा मार्ग काढलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. हे लिहिताना आपल्या हातून सामूहिक स्वार्थाचे पाप तर होत नाही ना, अशी स्वतःची रात्रंदिवस तपासणी केल्यामुळे पत्रास उशीर झाला, अशी कबुलीही ते देतात. निवाडा प्रथम स्वतःच्या घराला, हा पहिला निकष येथे पाळलेला दिसतो.

मॅग्नेस यांचे पत्र वेगळ्या प्रकारचे आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरण्यास त्यांनी विरोध केला होता. शांततावादी म्हणून ते गांधीजींच्या जवळचे. म्हणूनच नाझी सत्तेपुढे आपल्या जुन्या भूमिकेचे काय करावे हा त्यांचा प्रश्न खंडनाचा नसून मार्गदर्शन मागणाराचा आहे.

८. निनवे आणि बर्लिन

२३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला एक छोटे पत्र लिहून युद्ध टाळण्याची विनंती केली. पत्रावर पत्ता वर्ध्याचा आहे. २४ डिसेंबर १९४० रोजी वर्ध्याहूनच दुसरे, दीर्घ पत्र लिहिले गेले. इंग्रज सरकारने दोन्ही पत्रे जाऊ दिली नाहीत. योना निनवेला जाण्यास कांकू करीत होता. गांधीजींना जावयाचे होते. शत्रूच्या नगरालाही मागे फिरण्याची संधी आहे हा योनाच्या ग्रंथाचा गाभा गांधीजींइतक्या गंभीरपणे त्या काळी फार थोड्यांनी मानला असेल. ही त्यांच्या आशेची उज्ज्वल बाजू होय.

तथापि निनवे वाचले ते राजाने निरोप ऐकला म्हणून. जेथे ऐकणेच नाही तेथे संदेष्ट्यांनी पीडितांना वाट पाहत बसण्यास सांगितलेले नाही. दुष्ट नीतिमानाला गिळतो आणि तू गप्प का, असा जाब हबक्कूकाने ईश्वरालाच विचारला आहे. तो जाब विचारण्याचा हक्क या परंपरेने पीडिताकडून काढून घेतला नाही. युरोपातील सुमारे साठ लाख यहुदी त्यानंतरच्या वर्षांत मारले गेले. ज्या गुप्त यंत्रणेने ते मारले गेले तिच्यापुढे साक्ष देण्याविषयी बूबरांनी १९३९ मध्येच विचारलेला प्रश्न खरा ठरला.

बूबरांची आशाही इतिहासाने तशीच राखली नाही. १९४२ मध्ये त्यांनी व मॅग्नेस यांनी 'इहूद' या संस्थेद्वारा यहुदी व अरब यांच्या समान हक्कांच्या एका राज्याचा पुरस्कार केला. तो पक्ष अल्पसंख्यच राहिला. मे १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, युद्ध झाले, लाखो अरब निर्वासित झाले. मॅग्नेस त्याच वर्षी वारले. प्रत्येक माणूस आपल्या द्राक्षवेलीखाली व अंजिराखाली निर्भय बसेल, या मीखाच्या चित्रात शेजाऱ्याच्या अंजिराचाही समावेश आहे, हे बूबर शेवटपर्यंत सांगत राहिले. बंदुकीच्या छायेविषयी गांधीजींनी १९३८ मध्ये दिलेला इशारा त्या दृष्टीने फोल ठरला नाही. तेथील संघर्ष आजही मिटलेला नाही.

९. निष्कर्ष

सेगाव व यरुशलेम यांमधील मतभेद अहिंसा विरुद्ध हिंसा एवढाच नाही. तो आशेच्या जागेविषयी आहे. गांधीजींनी आशा ठेवली ती सोसणाऱ्याच्या आत्मबलावर आणि छळणाऱ्याच्या परिवर्तनावर. त्यांच्या या श्रद्धेला योनाच्या ग्रंथाचा आणि सेवकाच्या काव्याचा आधार मिळतो. बूबरांनी आशा ठेवली ती न्यायाने रचलेल्या सामूहिक जीवनावर. त्यांच्यामागे आमोसाचे आरोपपत्र आणि यिर्मयाचे खरेदीखत उभे आहे. दोन्ही बाजू संदेष्ट्यांच्या परंपरेतील आहेत, परंतु त्या परंपरेने घालून दिलेला क्रम दोहोंना सारखा पाळता आला नाही. १९३४ चे भूकंपाविषयीचे भाष्य आणि १९३८ चा जर्मन यहुद्यांना दिलेला सल्ला या दोहोंत गांधीजींकडून झाली ती चूक एकच होती : आघात ज्यांच्यावर पडला होता त्यांना सांत्वन देण्याऐवजी त्यांच्यावर अर्थाचे ओझे ठेवले गेले. उलट अस्पृश्यतेबद्दल सवर्णांना आणि बंदुकीच्या आश्रयाबद्दल यहुदी पुढाऱ्यांना त्यांनी वेळेवर दिलेला इशारा हा संदेष्ट्याच्या पदवीस साजेसाच होता.

निवाडा सत्तावंताला, अवकाश असतानाच सांगावा. आशा पिचलेल्याला, कृतीसह द्यावी. आणि या दोहोंची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. तीन आठवडे ताडन व सात आठवडे सांत्वन हा हिशोब जुन्या पंचांगात उगाच ठेवलेला नाही. अरिष्टग्रस्तांविषयी ईश्वराच्या वा इतिहासाच्या नावाने बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकास तो आजही उपयोगी आहे.